जॉर्डनचे जमीद : ताकाचा दगड

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी भूगोलाच्या तासाला सर वाळवंटी प्रदेशातील भटक्या पशुपालकांविषयी शिकवीत होते. बोलता बोलता त्यांनी एक वाक्य सांगितले, "हे लोक प्रामुख्याने जनावरांच्या दुधावर जगतात." वर्गातील सर्वांनी ते वहीत उतरवून घेतले. मीही घेतले, पण ते वाक्य माझ्या मनात काट्यासारखे रुतून बसले. आमच्या घरी एक म्हैस आणि चार शेळ्या आहेत. शेळी व्याल्यावर किती महिने दूध देते, चारा कोरडा झाला की कशी आटते, हे समजायला मला पुस्तक उघडावे लागत नाही. तेव्हा प्रश्न असा पडला की, वर्षातून तीन-चार महिने दूध देणाऱ्या जनावरावर माणूस बारा महिने कसा जगत असेल? उरलेले आठ महिने तो काय खात असेल?

तास संपल्यावर धीर करून सरांना विचारले. ते हसून म्हणाले, "प्रश्न बरोबर आहे. उत्तर तूच शोध आणि वार्षिक अंकासाठी लिहून काढ." त्या शोधात जे सापडले ते हे.

सापडले ते एका पदार्थाच्या रूपाने. त्याचे नाव जमीद. अरबी भाषेत या शब्दाचा अर्थ 'घट्ट झालेले, गोठलेले' असा आहे. दिसायला मुठीएवढा किंवा त्याहून मोठा पांढरट गोळा, आणि इतका कठीण की फोडायला हातोडी किंवा दगड लागावा. जॉर्डन देशातील मेंढपाळ बायका तो शतकानुशतके बनवीत आल्या आहेत. चीज म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जाहिरातीतल्या पिवळ्या चकत्या येतात. जमीद हेही चीजच्याच कुळातले. पण ते श्रीमंतीच्या चवीसाठी जन्माला आलेले नाही, उन्हाळ्याच्या भीतीपोटी जन्माला आलेले आहे.

आधी त्या भूमीची ओळख करून घेऊ. जॉर्डन हा पश्चिम आशियातील लहान देश. क्षेत्रफळ सुमारे ८९,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक-तृतीयांशाहूनही कमी. १९४६ साली तो स्वतंत्र झाला. पश्चिमेला जॉर्डन नदीचे खोरे आणि मृत समुद्र आहे. त्याला लागून डोंगराळ पट्टा असून तेथे गहू आणि ऑलिव्ह पिकते. या पट्ट्याच्या पूर्वेला मात्र जमीन रखरखीत होत जाते. या विस्तीर्ण माळाला तेथे 'बादिया' म्हणतात आणि तेथे राहणारे ते बदाऊनी, अशी त्या शब्दाची व्युत्पत्ती आहे. देशाच्या चार-पंचमांशाहून अधिक भागावर वर्षाकाठी २०० मिलिमीटरपेक्षाही कमी पाऊस पडतो. आपल्याकडच्या पर्जन्यछायेतील दुष्काळी तालुक्यांतसुद्धा सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. यावरून काय ते समजावे.

हा थोडासा पाऊसही हिवाळ्यात पडतो. त्यानंतर येतो तो तेथील सुगीचा काळ, वसंत. अरबीत वसंताला 'रबीअ' म्हणतात. हा शब्द वाचला आणि मी चमकले. आपला 'रब्बी हंगाम' तो हाच! वसंतात हाती येणारे पीक म्हणून रब्बी. आमच्या गावात दर वर्षी रब्बीची पेरणी होते, सोसायटीच्या फळ्यावर रब्बी कर्जाची यादी लागते. पण हा शब्द एवढ्या लांबून चालत आला असेल अशी शंकासुद्धा कधी आली नव्हती. फरक एवढाच की आपली रब्बी ज्वारी-हरभऱ्याची आहे. बादियातल्या रबीअमध्ये काही आठवडे माळावर कोवळे गवत उगवते आणि मेंढ्यांच्या कासेत दूध उतरते. हेच त्यांचे पीक.

या मेंढ्या अवासी जातीच्या असतात. त्यांची शेपटी रुंद आणि चरबीने भरलेली असते. उंट जसा मदारीत चरबी साठवितो तशी ही मेंढी शेपटीत साठविते. हिवाळ्यात त्या वितात. सुरुवातीचे दूध कोकरांचे. कोकरे चरू लागली की धारा सुरू होतात आणि उन्हाळा चढेपर्यंत चालतात. धार काढण्याची पद्धत मोठी मजेशीर आहे. मेंढ्यांना समोरासमोर दोन ओळींत उभे करतात आणि त्यांच्या माना एकाआड एक गुंफून एकाच लांब दोराने बांधतात. मग बायका मागच्या बाजूने एकेक मेंढी पिळीत पुढे सरकतात. पन्नास-साठ जनावरे असली तरी एकही हलू शकत नाही.

येथे एक गोष्ट सांगायला हवी. वाळवंट म्हटले की आपल्याला उंटच आठवतो. अगदी खोल वाळवंटात राहणाऱ्या टोळ्या उंटिणीचे दूध पितात हे खरे आहे. उंटीण एकदा व्याली की वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ दूध देते. म्हणून ते साठविण्याची निकड कमी. शिवाय त्या दुधाचे लोणी सहजासहजी निघत नाही आणि ते नीट फाटतही नाही. जमीद आहे ते मेंढ्या-बकऱ्या पाळणाऱ्यांचे.

आता दुधाचा हिशेब पाहा. वसंतात दूध इतके होते की घरची माणसे ते पिऊन संपवू शकत नाहीत. जवळपास शहर नाही, बर्फ नाही. ऊन असे की सकाळचे दूध दुपारी नासावे. बरे, सांभाळून न्यावे म्हटले तर मेंढीच्या दुधात ऐंशी टक्क्यांहून अधिक पाणीच असते. बिऱ्हाड पाठीवर घेऊन चाऱ्यामागे फिरणाऱ्या माणसाने हे पाण्याचे ओझे किती वाहायचे? तेव्हा पाणी काढून टाकायचे आणि सत्त्व ठेवायचे, एवढा एकच मार्ग उरतो. जमीद करण्याची सारी रीत म्हणजे दुधातले पाणी पायरी-पायरीने घालविण्याची रीत आहे.

प्रथम दूध तापवून कोमट करतात आणि त्यात आदल्या दिवशीच्या दह्याचे विरजण घालतात. येथपर्यंत आपल्या घरातलेच काम. दही लागले की ते 'सिअन' नावाच्या पिशवीत ओततात. ही पिशवी म्हणजे बकरीचे कमावलेले अखंड कातडे. ते तीन काठ्यांच्या तिवईला टांगतात, आत हवा फुंकून तोंड बांधतात आणि समोर बसून पाळण्यासारखे पुढे-मागे हेलकावतात. आपण रवीने ताक घुसळतो. तेथे भांडेच हलते, रवी नाही. हे काम पहाटे करतात, कारण ऊन चढले की लोणी मऊ पडते आणि गोळा धरीत नाही. हे मी आईला सांगू लागले तेव्हा ती मध्येच म्हणाली, "त्यात सांगायचं काय? उन्हाळ्यात गार पाणी घालावंच लागतं." मला ते वाचून कळले होते, तिला हातांनी कळले होते.

कातड्याची ही पिशवी किती जुनी असावी? मृत समुद्राच्या ईशान्येला तेलेलात घस्सूल नावाचे प्राचीन वसाहतीचे ठिकाण आहे. तेथे १९२९ पासून उत्खनन झाले. त्या काळातील, म्हणजे सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीच्या संस्कृतीतील मातीची घुसळणपात्रे या प्रदेशात सापडली आहेत. दोन्ही टोकांना कान असलेली, आडवी टांगण्याजोगी आणि आकाराने हुबेहूब कातड्याच्या पिशवीसारखी. कातडे कुजून जाते, माती उरते. पण मातीने आकार कातड्याचा घेतला आहे, म्हणजे कातडे तिच्या आधीचे असणार. त्याच काळातील एक मातीची मूर्ती नेगेव वाळवंटाच्या उत्तर कडेला गिलात येथे मिळाली. बसलेली स्त्री आणि तिच्या डोक्यावर घुसळणपात्र. तिचे छायाचित्र मी बराच वेळ पाहत राहिले. इतिहासाच्या पुस्तकात राजांच्या मूर्ती पुष्कळ पाहिल्या होत्या. ताक करणाऱ्या बाईची मूर्ती प्रथमच पाहिली.

पुन्हा पिशवीकडे येऊ. लोणी वर आले की ते काढून घेतात. ते कढवून तूप करतात. कढविताना त्यात भरडलेला गहू टाकतात. तो गहू लोण्यातले ताक आणि कण शोषून खाली बसतो आणि वर निर्मळ तूप राहते. आपल्याकडे तळाला बेरी राहते तसा तो तुपात मुरलेला गहू पोरांचा खाऊ होतो. येथे आईने विचारले, "आणि लोणी-तूप कोण खातं?" तिचा प्रश्न वरवर साधा होता, पण नेमक्या जागी लागला. तूप बऱ्याच अंशी बाजारात जात असे. धान्य, कापड, कॉफी, चहा, साखर घेण्यासाठी रोख पैसा किंवा बदली माल हवा, आणि मेंढपाळाजवळ लोकर, जनावर आणि तूप यांशिवाय विकायला होते काय? म्हणजे दुधातली स्निग्धता पैसा होऊन गावात गेली आणि मागे उरलेले ताक घराच्या वाट्याला आले. त्या ताकाचे जमीद. "मग आपल्यासारखंच की," आई म्हणाली. आमच्याकडेही दूध डेअरीला जाते आणि चहा बहुतेक वेळा कोराच होतो.

परंतु लोणी काढण्याला आणखी एक कारण आहे. वाळवून ठेवायच्या पदार्थात स्निग्धता राहिली तर ती काही दिवसांत खवट होते. लोणी निघालेले ताक वाळविले तर ते टिकते. विकण्याची गरज आणि टिकविण्याची गरज अशा रीतीने एकाच पिशवीत एकत्र आल्या.

लोणी काढलेल्या ताकाला 'शनीना' किंवा 'मखीद' म्हणतात. ते मोठ्या भांड्यात मंद आचेवर ठेवतात. ताक आधीच आंबट असते, म्हणजे त्याचा सामू खाली आलेला असतो. सामू ४.६ च्या आसपास आला की दुधातले केसीन हे प्रथिन विरघळलेल्या स्थितीत राहू शकत नाही. त्याचे कण एकमेकांना चिकटू लागतात. वरून उष्णता दिली की ते आकसतात, आतले पाणी बाहेर टाकतात आणि ताक फाटते. आपल्या घरी कढी फुटू नये म्हणून आई बेसन लावते आणि सारखी ढवळत राहते. तेथे ती मुद्दाम फोडतात.

फाटलेले ताक फडक्याच्या पिशवीत ओतून टांगतात किंवा दगडाखाली दाबून ठेवतात. पाणी गळते. आपल्या श्रीखंडाच्या चक्क्यासारखेच, फक्त हा चक्का निःस्निग्ध आणि शिजवलेला. मग मीठ. मीठ घालून ते कणकेसारखे मळतात, पुन्हा बांधतात, पुन्हा मळतात. मीठ उरलेसुरले पाणी खेचून बाहेर आणते आणि किडीला, बुरशीला वाव ठेवीत नाही. "मीठ किती?" हा आईचा दुसरा प्रश्न. उत्तर असे की, पुढे जमीदचे कालवण करताना वेगळे मीठ सहसा घालावे लागत नाही. पूर्वी बादियातल्या अझ्रक या मरुद्यानाजवळच्या मिठागरांतून मीठ मिळत असे. वाळवंटाने हिरवळ दिली नाही, पण मीठ आणि ऊन मात्र सढळ हाताने दिले.

शेवटी गोळे वळून ते कापडावर वाळत घालतात. तेथील काळे तंबू बकरीच्या केसांचे असतात. बायकाच ते विणतात, आणि त्याच तंबूच्या पाठीवर हे गोळे मांडलेले दिसतात. उन्हात वाळविले तर जमीद पिवळसर होते, सावलीत वाळविले तर पांढरे राहते. खरी परीक्षा रंगाची नसून आतल्या गाभ्याची असते. वरून दगड झालेला गोळा आत ओला राहिला तर तेथूनच सडतो आणि वर्षाची बेगमी वाया जाते. "ढग आले म्हणजे?" असे आईने विचारलेच. कुरडया घातल्या आणि आभाळ भरून आले म्हणजे आमच्या गल्लीत जी धावपळ उडते, ती आठवूनच तिने हे विचारले असणार. बादियात मात्र वसंत सरला की आकाश महिनोन्महिने निरभ्र असते. त्या निष्ठुर उन्हाचा कोणाला उपयोग झाला असेल तर तो या बायकांना.

मग याला चीज म्हणावे काय? आमच्या वर्गात यावर वाद झाला. एका मित्राचे म्हणणे असे की, चीज म्हणजे वासराच्या किंवा करडाच्या पोटातल्या रसाने, म्हणजे रेनेटने, घट्ट केलेले दूध. जमीदमध्ये रेनेट नाही, म्हणून ते चीज नव्हे, वाळविलेले ताक. जॉर्डनमध्ये त्या व्याख्येत बसणारे पांढरे 'जिब्ने' आहेच. ते मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवतात. पण मला हा भेद टोकाचा वाटतो. दुधातले घन प्रथिन वेगळे करून, पाणी गाळून, मीठ लावून टिकविणे हे चीजचे मर्म असेल, तर जमीद त्यात बसते. रेनेटने काय किंवा आंबटपणाने काय, दूध शेवटी फाटतेच. शिवाय सारखे बिऱ्हाड हलविणाऱ्याने मिठाच्या पाण्याची मडकी कोठे न्यायची? गोळे पोत्यात घातले की काम झाले. अरबस्तानातील 'इक्त', इराणातील 'कश्क', मध्य आशिया आणि अफगाणिस्तानातील 'कुरुत' ही सारी याच घराण्यातली. जेथे कोरडी हवा आहे आणि कळप हिंडते आहेत, तेथे तेथे लोकांनी ही युक्ती साधली आहे.

उन्हाळा आला, मेंढ्या आटल्या, कळप पश्चिमेकडील कापणी झालेल्या गव्हाच्या शेतांकडे वळले की पोत्यातला दगड बाहेर निघतो. तो फोडून रात्रभर पाण्यात भिजवितात. पूर्वी खरबरीत मातीच्या भांड्याच्या अंगावर तो हाताने घासून घासून विरघळवीत; आता हे काम यंत्र करते. पाहता पाहता दगडाचे पुन्हा दाट, आंबट ताक होते. ते भाकरीवर ओतले की गरिबाचे जेवण झाले. त्यात मांस शिजविले की मन्सफ होतो.

मन्सफ हे जॉर्डनचे मानाचे जेवण. मोठ्या परातीत आधी 'श्राक' नावाची पातळ रोटी पसरतात. ती उलट्या घुमटाकार तव्यावर भाजतात, आपल्याकडचे मांडे उलट्या खापरावर भाजतात तशी. तिच्यावर भात, भातावर मटण आणि वरून जमीदचा गरम रस्सा. तांदूळ तेथे बाहेरून येतो. तो सर्रास मिळू लागण्यापूर्वी भाकरी आणि भरडा गहू यांवरच भागत असे. परातीभोवती पाहुणे उभे राहतात आणि उजव्या हाताने घास करून खातात. डावा हात पाठीमागे ठेवतात. लग्न, मर्तिक, पाहुण्याचा सत्कार, एवढेच नव्हे तर दोन घराण्यांतले खुनाचे वैर मिटविण्याचा प्रसंग असला तरी परात मन्सफचीच. २०२२ साली मोरोक्कोतील रबात येथे भरलेल्या बैठकीत युनेस्कोने जॉर्डनच्या मन्सफचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. ही अभिमानाची गोष्ट खरीच. परंतु परातीभोवती उभे राहणारे आणि पहाटे पिशवी हेलकावणारे हात नेहमी एकच नसतात, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

आज परिस्थिती पालटली आहे. विसाव्या शतकात बहुसंख्य बदाऊनी घर बांधून स्थायिक झाले. जे अजून कळप राखतात, त्यांच्या मेंढ्या ट्रकमधून जातात आणि पाणी टँकरने येते. चराऊ माळ तोकडे पडल्याने मेंढ्यांना वर्षातले बरेच महिने विकतची जव घालावी लागते. १९९० च्या दशकाच्या मध्यावर सरकारने पशुखाद्यावरची सवलत काढून घेतली तेव्हा अनेक लहान मेंढपाळांचे कंबरडे मोडले. त्याच सुमारास, ऑगस्ट १९९६ मध्ये, पावाच्या दरवाढीवरून करक शहरात दंगलही झाली. योगायोग असा की, सगळ्यांत उत्तम जमीद ज्या गावाचे मानतात ते हेच करक.

कातड्याच्या पिशवीची जागा आता बहुतेक ठिकाणी विजेवर फिरणाऱ्या धातूच्या पिंपाने घेतली आहे. त्याबद्दल हळहळणाऱ्यांनी एकदा तासभर पिशवी हेलकावून पाहावी, असे मला वाटते. दूध चांगले उकळण्याची सवय पसरली तीही चांगलीच गोष्ट झाली. कच्च्या दुधातून होणारा ब्रुसेलोसिस हा ताप त्या भागात जुनाच आहे. दुकानात गाईच्या दुधाचे आणि दूध भुकटीचे स्वस्त जमीद मिळते. पुठ्ठ्याच्या खोक्यात तयार पातळ जमीदही मिळते, फक्त गरम करायचे. शहरातल्या नोकरदार बाईला ते सोयीचे आहे.

तरीही लग्नघरात चौकशी होते ती मेंढीच्या दुधाच्या, करकच्या जमीदचीच. त्याचा भाव बराच चढा असतो. घेणारा गोळा हातात तोलतो, वास घेतो, कोपरा खरवडून जिभेवर ठेवतो. आणि दर वर्षी रबीअ आला, मेंढ्यांच्या कासा भरल्या की करकच्या आसपासच्या घरांच्या गच्चीवर पांढऱ्या फडक्यांवर गोळे मांडले जातात. ज्या घरात म्हातारी आहे तेथे तीच ते फोडून पाहते, गाभा सुकला की नाही ते.